तिकीट काढण्याआधी: मुंबईचं म्युझियम बाहेरून कसं बघायचं

छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचा एकच फोटो सगळीकडे दिसतो. पुढे हिरवळ, बाजूला पामची झाडं, मधोमध घुमट, आणि डावीकडे जेवढं तेवढंच उजवीकडे. आलेला माणूस बागेत बरोब्बर त्या जागी थांबतो, मोबाइल काढतो, एक फोटो घेतो आणि मूर्ती बघायला आत जातो. फोटोत वाईट काही नाही. फक्त त्यात इमारत सपाट होते. घुमट पुढच्या भिंतीवरच बसवलाय असं वाटतं, व्हरांड्यांची खोली कळत नाही, दगड एकाच रंगाचा भासतो आणि आजूबाजूचा चौक तर चौकटीबाहेरच राहतो.

इथे आपण उलटं करू. आतल्या मूर्ती, चित्रं, नाणी यांच्याबद्दल जवळजवळ काहीच न बोलता ही इमारत बाहेरून, आणि शक्यतो कोपऱ्यावरून, कशी वाचायची ते पाहू. त्यासाठी वास्तुकलेचं शिक्षण लागत नाही. ही इमारत इथेच का, या दगडात का, पावसाचं पाणी जातं कुठे आणि घुमटाचं वजन पेलतं कोण, एवढे प्रश्न मनात असले की पुरे.

सुरुवात रीगलच्या चौकातून करायची. पाटीवर श्यामाप्रसाद मुखर्जी चौक असं लिहिलेलं असलं तरी टॅक्सीवाल्याला सांगताना आपण रीगलच म्हणतो. मध्ये १८६५ सालचं वेलिंग्टन कारंजं आहे. त्याच्याभोवती गाड्या अखंड फिरत असतात, त्यामुळे फुटपाथ सोडू नका. सगळं तिथूनच दिसतं. एका जागी उभं राहून हळूहळू मान फिरवली की चार इमारती नजरेत येतात.

पहिली, राज्य पोलिसांचं मुख्यालय. मूळची ही खलाशांसाठी बांधलेली, रॉयल आल्फ्रेड सेलर्स होम नावाची, १८७६ सालची. रचनाकार एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स, ज्याने पुढे व्हीटी स्टेशन बांधलं तोच. दुसरी, कावसजी जहांगीर हॉल, १९११ सालचा, युरोपातल्या रेनेसाँ काळाच्या वळणाचा. आज तिथे राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय आहे. तिसरं आपलं म्युझियम, बांधकाम पूर्ण झालं १९१४च्या सुमारास, घुमट आणि कमानी दख्खनच्या वळणाच्या. चौथं रीगल थिएटर, १९३३ सालचं, आर्ट डेको शैलीतलं, सरळ रेघांचं आणि नक्षीला फाटा दिलेलं. रीगलचा रचनाकार चार्ल्स स्टीव्हन्स हा त्या पहिल्या स्टीव्हन्सचाच मुलगा. बापाची इमारत आणि लेकाची इमारत एकाच चौकात.

१८७६ ते १९३३, म्हणजे ५७ वर्षं. एवढ्या काळात मुंबईने किती वेळा कपडे बदलले ते या एका चौकात कळतं. आणि आता त्यातली माझ्या मते सर्वांत महत्त्वाची गोष्ट: दुसरी आणि तिसरी इमारत एकाच माणसाची आहे. जॉर्ज विटेटची. कावसजी जहांगीर हॉल आणि म्युझियम यांची कामं जवळजवळ एकाच काळात चालू होती, रस्त्याच्या दोन बाजूंना. एकीकडे तो युरोपीय खांब आणि गोलाई वापरत होता, दुसरीकडे विजापूरच्या कमानी. शैली ही विटेटची श्रद्धा नव्हती. कुठल्या इमारतीला काय शोभेल, आणि ती बांधून घेणाऱ्याला काय सांगायचंय, ते बघून तो शैली निवडत होता. म्युझियमबद्दलच्या प्रत्येक माहितीपत्रकात 'इंडो-सारासेनिक शैली' (इंग्रजांच्या इमारतींवर हिंदुस्थानी-इस्लामी घुमट-कमानी) असा शिक्का मारलेला असतो. शिक्का बरोबर आहे, पण त्याने कुतूहल भागतं आणि बघणं थांबतं.

विटेट १८७८ साली स्कॉटलंडमध्ये जन्मला, १९०४ साली मुंबईत आला आणि जॉन बेग या सरकारी वास्तुविशारदाच्या हाताखाली काम करू लागला. नंतरच्या वीसेक वर्षांत त्याने दक्षिण मुंबईचा चेहरा एवढा बदलला, की गेटवेपासून या चौकापर्यंत चालताना त्याच्या हातची तीन-चार कामं लागतात. १९२६ साली तो मुंबईतच वारला. त्याचं दफन शिवडीला झालं.

म्युझियमच्या जन्माची कथा थोडक्यात. १९०५ साली इंग्लंडचा युवराज, म्हणजे पुढचा पाचवा जॉर्ज, मुंबईत येणार होता. त्याच्या भेटीचं स्मारक म्हणून संग्रहालय बांधावं असं शहरातल्या पुढारी मंडळींनी ठरवलं. ११ नोव्हेंबर १९०५ रोजी युवराजाच्या हस्ते कोनशिला बसली. जमीन सरकारने १९०७ साली दिली. पैसे सरकार आणि पालिकेने दिले तसे शहरातल्या धनिकांनीही दिले. एकट्या सर करीमभाई इब्राहिम यांची देणगी तीन लाखांची होती, म्हणजे सरकारने दिले तेवढेच. खुल्या स्पर्धेनंतर १९०९ साली विटेटला काम मिळालं. इमारत उभी राहिली आणि पहिलं महायुद्ध सुरू झालं. त्यामुळे मूर्तींच्या आधी इथे जखमी सैनिक आले, लेडी हार्डिंज वॉर हॉस्पिटल म्हणून. लोकांसाठी संग्रहालय उघडलं ते १० जानेवारी १९२२ रोजी.

जाता जाता एक गंमत. म्युझियमच्या उत्तरेला काही पावलांवर काळा घोडा. तिथला मूळ पुतळा या पाचव्या जॉर्जच्या बापाचा, सातव्या एडवर्डचा. तोही युवराज असताना १८७५ साली मुंबईत येऊन गेला त्याची आठवण म्हणून बसवलेला. म्हणजे बापाच्या भेटीचा पुतळा, लेकाच्या भेटीचं म्युझियम. पुतळा १९६५ साली हलवला, तो आता भायखळ्याच्या राणीच्या बागेत आहे. घोडा २०१७ साली नवा आला, स्वाराशिवाय.

आता जागेकडे या. या जमिनीला 'क्रेसेंट साइट' म्हणत, कारण तिचा आकार चंद्रकोरीचा. एका बाजूने रस्ता वळत जातो आणि चौकाकडे ती निमुळती होते. १८६०च्या दशकात मुंबईच्या कोटाची तटबंदी पाडली. मग मोकळ्या झालेल्या पट्ट्यावर रस्ते, मैदानं आणि सार्वजनिक इमारती आल्या. म्युझियमच्या उत्तरेच्या के. दुभाष मार्गाचं जुनं नाव रॅम्पार्ट रो, तटाचा रस्ता. अशा वाकड्या जागेवर चौकोनी इमारत रस्त्याला चिकटवून बांधली असती तर ती कुठूनच नीट दिसली नसती. विटेटने ती मागे सरकवली, पुढे बाग सोडली, आणि घुमट अशा ठिकाणी आणला की वेगवेगळ्या रस्त्यांनी चौकात येणाऱ्या माणसाला तो दिसावा. तीन एकरांच्या आवारात पुढे एवढी बाग सोडणं हा उदारपणा वाटतो. खरं तर त्या बागेशिवाय घुमटाचा खर्च वाया गेला असता. कसा, ते पुढे येईलच.

विजापूरच का?

तोवरच्या मुंबईत मोठी सरकारी इमारत म्हणजे गॉथिक, युरोपातल्या जुन्या चर्चसारखी टोकदार कमानींची, हे समीकरण होतं: व्हीटी, हायकोर्ट, विद्यापीठाचा राजाबाई टॉवर. विसावं शतक उजाडताना वारं फिरलं. आपण या देशातल्या जुन्या राजवटींचे वारस आहोत असं इंग्रजांना दाखवायचं होतं. दगडात सांगितलेला तो राजकीय दावा होता आणि तो विसरून इमारतीचं कौतुक करू नये. पण मुंबईत त्यांनी उसनं कुठून घेतलं ते बघण्यासारखं आहे. विजापूर तेव्हा मुंबई इलाख्यात होतं, अहमदाबादही. म्युझियमच्या कमानी विजापूरकडे बघतात, आणि त्याच विटेटने आखलेला गेटवे गुजरातच्या सोळाव्या शतकातल्या वास्तूंकडे. म्हणजे राजधानीने आपल्याच इलाख्यातले नमुने उचलले. घुमटाच्या बाह्य आकारासाठी गोवळकोंड्याचंही नाव घेतलं जातं, तो मात्र निजामाच्या मुलखातला.

मराठी वाचकाला इथे थोडं अडखळायला होईल. विजापूरचा गोल घुमट म्हणजे महंमद आदिलशहाची कबर. तो वारला १६५६ साली, आणि त्याच वर्षाच्या सुरुवातीला शिवाजी महाराजांनी जावळी जिंकली होती. शहाजीराजे त्याच दरबारचे सरदार. आणि आज त्या घुमटाच्या कुळातल्या घुमटाखाली महाराजांचं नाव आहे, १९९८ पासून. मला यात विसंगती वाटत नाही. वाड्यांच्या महिरपी, गडांच्या दरवाजांच्या कमानी, हे सगळं दख्खनच्या सामाईक कारागिरीतून आलेलं. राज्यं एकमेकांशी लढत होती तेव्हाही चुना मळण्याची आणि कमान बांधण्याची रीत दोन्हीकडे तीच होती.

आता घुमट. बाहेरून तो एक गोल टोपण दिसतो, पण त्याच्या खाली एक जुनं आणि अवघड कोडं सोडवलेलं असतं. खोली चौकोनी, घुमट गोल. चौकोनात वर्तुळ ठेवलं की चारही कोपरे उघडे राहतात. तिथे घुमटाला टेकायला भिंतच नाही. शिवाय घुमटाचं वजन नुसतं खाली येत नाही. तो आपल्या बुडाशी बाहेरच्या बाजूला फाकायला बघतो, म्हणजे भिंतींना बाहेर ढकलतो. भिंत पातळ असेल तर तडे जातात.

वेगवेगळ्या प्रदेशांनी याची वेगवेगळी उत्तरं शोधली. कोपऱ्यात तिरकी कमान टाकून चौकोनाचा अष्टकोन करायचा, अष्टकोन वर्तुळाच्या बराच जवळ येतो, हे एक उत्तर. विजापूरच्या गवंड्यांचं उत्तर जास्त धाडसी होतं. दारापुढच्या रांगोळीत एका चौकोनावर दुसरा तिरका चौकोन काढून आठ टोकांची चांदणी करतात, ती डोळ्यांपुढे आणा. त्या दोन चौकोनांच्या बाजूंवर कमानी उभ्या केल्या, तर त्या एकमेकींना छेदतात आणि मधोमध एक अष्टकोन मोकळा राहतो. त्या अष्टकोनावर गोल कडा, आणि कड्यावर घुमट. गंमत अशी, की या छेदणाऱ्या कमानींमधला दगडी भराव खोलीच्या आत झुकलेला असतो. त्याचं वजन आतल्या बाजूला ओढतं, घुमट बाहेर ढकलतो, आणि दोघं एकमेकांना सांभाळतात. गोल घुमटाचा बाहेरून सुमारे ४४ मीटर व्यासाचा घुमट मध्ये एकही खांब नसताना साडेतीनशेहून जास्त वर्षं उभा आहे तो यामुळे.

विटेटने म्युझियमच्या मधल्या दालनात याच छेदणाऱ्या कमानींची रचना घेतली, अर्थात बरीच लहान करून. ती दिसते आतून. पण बाहेर उभं राहून तिचा माग काढता येतो, आणि त्यासाठी कोपऱ्यावर उभं राहायला हवं. समोरून घुमट भिंतीला चिकटलेला दिसतो. कोपऱ्यावरून कळतं की तो बराच मागे आहे, प्रवेशाच्या पुढे आलेल्या भागाच्या पलीकडे, मधल्या दालनावर. तीन मजल्यांच्या इमारतीवर मध्यभागी आणखी एका मजल्याएवढी चौथऱ्यासारखी बैठक आहे आणि तिच्यावर घुमट. नजर खालून वर नेताना बघा: खाली चौकोनी भिंती, मग कोपऱ्यांवर छोट्या घुमट्या असलेले मनोरे, मग कमळाच्या पाकळ्यांची कडा आणि मग गोल. चौकोन एकदम गोल होत नाही, टप्प्याटप्प्याने होतो. मनोरे कोपऱ्यांवरचा रिकामेपणा भरून काढतात, आणि कोपऱ्यावर वजन ठेवल्याने बाहेर ढकलणारा जोर खाली वळवायला मदतही होते. युरोपातल्या गॉथिक चर्चच्या गवंड्यांनी ही युक्ती भरपूर वापरली. पाकळ्या हा आदिलशाही वास्तूंचा आवडता अलंकार. घुमट कमळातून उगवल्यासारखा दिसतो आणि बैठक नि घुमट यांचा सांधा झाकला जातो.

आता बागेतून इमारतीकडे चालत जा, नजर घुमटावर ठेवून. काही अंतरावर तो बुडायला लागतो. पायऱ्यांजवळ पोचाल तेव्हा जवळजवळ नाहीसा झालेला असतो. हा साधा भूमितीचा खेळ आहे. समजा पुढची भिंत १५ मीटर उंच आहे आणि घुमट तिच्या १५ मीटर मागे. तुम्ही भिंतीपासून १५ मीटरवर उभे राहिलात, तर भिंतीच्या माथ्यावरून जाणारी तुमची नजर घुमटाच्या जागी पोचेपर्यंत साधारण ३० मीटर उंच गेलेली असेल. म्हणजे ३० मीटरच्या खालचं सगळं भिंतीने गिळलं. (हे आकडे हिशोबापुरते, म्युझियमची मापं नव्हेत.) म्हणून घुमट बैठकीवर उचलावा लागतो आणि पुढे मोकळी जागा लागते. बाग आणि घुमट ही दोन वेगळी कामं नाहीत, एकाच हिशोबाच्या दोन बाजू आहेत.

घुमट दिसेनासा झाला की आपोआप भिंतीकडे लक्ष जातं, आणि तिथे थांबावं असं मी म्हणेन, कारण इथे मुंबई आहे. भिंतीत दोन प्रकारचे दगड आहेत, करडा आणि पिवळसर. करडा म्हणजे कुर्ल्याच्या खाणीतला बेसॉल्ट, आपला काळा पाषाण, सह्याद्री ज्याचा बनलाय तो. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी दख्खनमध्ये लाव्ह्याचे थरावर थर साचले, त्याचा हा भाग. पिवळसर म्हणजे मालाडचा ट्रॅकाइट. तोही ज्वालामुखीचाच, पण वेगळ्या घडणीचा: त्यात सिलिका जास्त आणि लोह-मॅग्नेशियमची गडद खनिजं कमी, म्हणून रंग फिका. मालाड, मढ, मनोरीच्या पट्ट्यात तो सापडतो. गेटवे ऑफ इंडियाचा पिवळा दगडही मालाडजवळच्या खारोडीचा.

आज कुर्ला आणि मालाड म्हटलं की लोकल आणि ट्रॅफिक आठवतो. शंभर वर्षांपूर्वी ते दक्षिण मुंबईचे दगडपुरवठादार होते. उपनगरांत आज जिथे टॉवर उभे आहेत तिथल्या टेकड्या फोडून फोर्ट भागातल्या भिंती उभ्या राहिल्या. म्युझियमच्या भिंतीला नाक लावून बघितलं, तर बेसॉल्टवर छिन्नीचे घाव दिसतात आणि ट्रॅकाइटच्या कडा त्यामानाने सफाईदार. बेसॉल्ट घट्ट आणि चिवट, पाणी सहज शोषत नाही, पण त्यात बारीक नक्षी काढायची तर पाथरवटाची परीक्षा. गॉथिक काळात मुंबईत नक्षीसाठी पोरबंदरचा मऊ चुनखडी दगड सर्रास आणत. कोरायला उत्तम, पण खाऱ्या हवेत टिकायला कच्चा. समुद्राच्या हवेतला क्षार दगडाच्या छिद्रांत शिरतो, वाळताना त्याचे स्फटिक होतात, आणि ते आतून दगड फोडतात. जुन्या इमारतींवरचे नाकं झिजलेले चेहरे यामुळेच. स्थानिक दगडावर भर देण्याचा निर्णय देखणा होताच, शहाणाही होता.

मग छज्जे. खिडक्या आणि सज्जांवर पुढे आलेल्या दगडी पट्ट्या बघा, खालून तोड्यांनी, म्हणजे भिंतीतून पुढे आलेल्या दगडी आधारांनी, पेललेल्या. लोक याला मोगल नक्षी म्हणून पुढे जातात. पण पावसाळ्यात इथे उभं राहून बघा. कुलाब्याला वर्षाकाठी सरासरी दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, त्यातला बहुतेक चार महिन्यांत, आणि तो सरळ न पडता वाऱ्याबरोबर आडवा येतो. छज्जा नसेल तर भिंतीवरून पाणी ओघळत खिडकीच्या चौकटीत आणि सांध्यांत शिरतं. छज्जा असेल तर पागोळ्या भिंतीपासून लांब पडतात. उन्हाळ्यात तोच छज्जा दुपारचं उन्ह अडवतो. फतेहपूर सिक्रीला आणि विजापूरला तो याच कारणांसाठी आला होता. विटेटने आकार उचलला आणि त्याबरोबर त्यामागचं कामही आलं. गॉथिक शैली लंडनच्या मंद उजेडातून आलेली, तिला मुंबईत जमवून घेण्यासाठी व्हरांडे जोडावे लागले. इथे व्हरांडा मुळातच घरचा.

जाळ्या आणि अर्धवट उघडे व्हरांडे यांच्यात संग्रहालयाची खास गरजही भागते. वस्तू दिसायला उजेड हवा, पण थेट उन्हाने कापड विटतं, चित्रांचे रंग उडतात, कागद पिवळा पडतो. १९१० सालच्या सुमाराला इमारत आखणाऱ्याला विजेच्या दिव्यांवर सगळी भिस्त ठेवता येत नव्हती. आधी व्हरांडा, त्याच्या पलीकडे भिंत, भिंतीत खिडकी, अशी रचना असली की आत येतो तो गाळलेला, सावलीतला उजेड. कोपऱ्यावरून बघताना व्हरांड्यातला काळोख किती खोल आहे ते बघा. त्या काळोखाच्या खोलीवरून भिंत किती आत आहे ते कळतं. समोरच्या फोटोत हेच हरवतं.

फेरी पूर्ण करायची तर बाजूला आणि मागेही जाऊन या. दर्शनी बाजूचा थाट तिथे उतरत जातो, आणि ते बरंच आहे. कमानींची लय आणि दगडांचे थर नक्षीच्या गर्दीशिवाय दिसतात. आवारात २०१९ साली उघडलेलं बालसंग्रहालय आहे, जुन्या गोरखचिंचेच्या सावलीत. आणि महात्मा गांधी रस्त्याच्या अंगाला, याच आवाराच्या कडेवर, जहांगीर कलादालन. १९५२ साल, रचना जी. एम. भुता यांची, काँक्रीटची. म्युझियममध्ये छज्जा पेलायला ओळीने तोडे लागतात. जहांगीरच्या दारावरचं छत खाली कुठलाही आधार न दिसता पुढे झेपावतं, कारण आतल्या लोखंडी सळया ताण घेतात. दगड दाब सोसतो पण ताण सोसत नाही. कमान, घुमट, तोडे हे सगळे उपाय दगडाला ताणापासून वाचवण्यासाठीच जन्मले. दोन्ही इमारतींमधलं चाळीस वर्षांचं अंतर या एका वाक्यात मावतं, आणि ते दोन मिनिटं चालून डोळ्यांनी पडताळता येतं.

मराठी वाड्याचा अंश मात्र बाहेरून शोधू नका, तो आत आहे. नाशिकच्या एका अठराव्या शतकातल्या वाड्यातलं लाकूडकाम संग्रहालयाने विकत घेतलं होतं, खांब, कमानी, कठडा असं सगळं. विटेटने ते मधल्या दालनात घुमटाखाली अष्टकोनात मांडलं. वर छेदणाऱ्या कमानींचा अष्टकोन, खाली लाकडी खांबांचा. आत न जाण्याचं ठरवलं असलं तरी एवढ्यासाठी जायला हरकत नाही.

२०१९ नंतरची तीनेक वर्षं ज्यांनी हे म्युझियम बांबूच्या परांच्या आणि जाळ्यांमागे पाहिलं असेल त्यांना दुरुस्ती आठवत असेल. संवर्धनाची बाजू विकास दिलावरी यांच्याकडे होती. काम ऐन कोविडमध्ये चाललं आणि २०२२ साली, शताब्दीच्या वर्षी, त्याला युनेस्कोचा आशिया-प्रशांत विभागातला सर्वोच्च दर्जाचा वारसा संवर्धन पुरस्कार मिळाला. दगडी इमारतीच्या दुरुस्तीत बहुतेक लढाई सांध्यांची असते. जुने सांधे चुन्याचे. चुना श्वास घेतो, म्हणजे भिंतीत शिरलेली ओल सांध्यातून बाहेर पडू शकते. गेल्या शतकात ठिकठिकाणच्या जुन्या इमारतींत मजबुतीच्या हौसेने सिमेंट भरलं गेलं. ते घट्ट असतं, ओल कोंडते, मग ती दगडातून वाट काढते आणि दगडाचे पापुद्रे सुटतात. म्हणून जाणकार आधी सिमेंट काढतात, मग पुन्हा चुना भरतात. शहरातल्या कुठल्याही जुन्या दगडी भिंतीचे सांधे जवळून बघितलेत, की काळपट-करडं टणक सिमेंट आणि पांढुरका चुना यांतला फरक सहज ओळखता येतो. एकदा ओळखता आला की मग प्रत्येक भिंतीपाशी थांबायची खोड लागते, त्याला इलाज नाही.

पायांत बळ उरलं असेल तर सीएसएमटीकडे चालत निघा. स्टेशनच्या शेजारचं जीपीओ, म्हणजे मुख्य टपाल कार्यालय, जॉन बेगने आखलेलं, १९१३ साली पुरं झालेलं. विटेटने त्या कामात त्याच्यासोबत हात घातला होता. तिथलाही घुमट विजापूरकडे बघूनच घडलेला. म्युझियमसारखी बाग पुढे नाही, त्यामुळे रस्त्यावरून तो किती अडचणीने दिसतो ते लगेच लक्षात येईल. आतला मोठा गोल दालनाचा भाग मात्र कुणालाही, वेळेत गेल्यास, मान वर करून बघता येतो. तिकीट लागत नाही. पाकिटावर लावायचं असेल तर गोष्ट वेगळी.